‘हो ताई’नंतरची सात मिनिटं

माझ्या वर्गातली सगळ्यात सुरेल गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, मुलांचं ‘हो ताई’. तास संपत आला, पेटीचा भाता मिटला, की मी विचारायची, ‘‘कळलं का रे सगळ्यांना?’’ आणि बारा-तेरा गळ्यांतून एकदम यायचं, ‘‘होऽ ताऽई!’’ ‘हो’ पंचमावर, म्हणजे प वर, ‘ताई’ गंधारावर, म्हणजे ग वर. एकही गळा कणसूर नाही. ज्या पोराला भूप रागातला प-ग तासभर सापडलेला नसायचा, तोही हाच प-ग ‘हो ताई’त बिनचूक लावून चपला शोधायला पळायचा.

पंधरा वर्षं मी त्या ‘हो’वर विश्वास ठेवला.

मी मिरजेत गाणं शिकवते. घराच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी, एक पेटी, एक तबला-डग्गा आणि कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा. हे शेवटचं सांगताना मिरजकर म्हणून थोडी लाज वाटते. दर्ग्याच्या बाजूच्या गल्लीतून गेलं तर अजून दारादारांत भोपळे दिसतात. ते पंढरपूरच्या बाजूने येतात आणि इथे त्यांचे तंबोरे होतात. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खरा तंबोरा माझ्याकडेही आहे, पण तो लावायला दहा मिनिटं लागतात, आणि सहा वाजता आलेल्या मुलाला सात वाजता गणिताच्या शिकवणीला जायचं असतं. म्हणून डबा.

तर त्या ‘हो’चं काय झालं ते सांगते. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. सहा मुलींनी मिळून दुर्गा राग म्हणायचा, असं ठरलेलं. चार वर्षं माझ्याकडे येणाऱ्या मुली, दोन परीक्षा दिलेल्या. आदल्या आठवड्यात गावभर तापाची साथ होती आणि ऐन दिवशी सहापैकी एकच मुलगी आली. मला वाटलं, हरकत नाही, एकटी म्हणेल. वर्गात तिचं कधी काही चुकलेलं मला ऐकूही आलं नव्हतं. ती बसली, तानपुरा सुरू झाला, तबलजींनी तिच्याकडे पाहिलं, मी पेटीवर षड्ज, म्हणजे सा, दिला. तिने डावीकडे पाहिलं. डावीकडे कुणी नव्हतं. मग उजवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तोंड उघडलं, पण त्यातून जो सूर आला तो पेटीच्या कुठल्याच काळी-पांढरी पट्टीतला नव्हता.

कार्यक्रम मी कसाबसा सावरून नेला. घरी आल्यावर मागच्या महिन्यातलं वर्गाचं रेकॉर्डिंग काढलं आणि हेडफोन लावून फक्त तिचा आवाज शोधत बसले. सापडला. प्रत्येक सुरावर ती शेजारणीच्या मागे पाव मात्रा, म्हणजे तालाच्या ठोक्याचा पाव भाग, होती. शेजारीण मध्यमावर गेली की हीही जायची, अगदी लगेच, इतकी लगेच की आठ गळ्यांच्या गलक्यात तो उशीर मला कधी जाणवलाच नाही. कान तिचे तल्लख होते. पाव मात्रेत दुसऱ्याचा सूर उचलणं ही काही साधी गोष्ट नाही. पण दुर्गा तिला येत नव्हता. तिला शेजारीण येत होती.

तिच्या आईने दुसऱ्या दिवशी फोन केला. भांडायला नाही, साधं विचारायला. ‘‘ताई, मग चार वर्षं ती काय शिकली?’’ मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या गुरूंनी मला एकदाही ‘कळलं का?’ असं विचारलेलं मला आठवत नाही. विचारायची गरजच नव्हती. समोर मी एकटी. त्या एक जागा म्हणायच्या, मी म्हणायची, आणि त्या म्हणायच्या ‘पुन्हा’. सगळं शिक्षण त्या एका शब्दात. ‘पुन्हा’ थांबलं की समजायचं, आलं. गळा एकटा असला की लपायला जागा नसते, म्हणून वेगळी चाचणी लागत नाही. वर्ग आला तेव्हा हा प्रश्न आला. आणि वर्गाची वाट ज्यांनी घातली ते गायक विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच, मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुकुल पद्धतीने शिकले होते. ५ मे १९०१ला त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराच्या माजघरातून शाळेच्या खोलीत आणलं. पुढे १९३१मध्ये गाण्याच्या परीक्षा घेणारं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. आज आमच्या गल्लीतली पोरं ‘प्रवेशिका पूर्ण झाली, आता मध्यमा’ असं गॅस सिलिंडरचा नंबर लागल्यासारखं बोलतात, ते त्यामुळेच. मी त्यांची ऋणी आहे. बाईमाणसाला, कुठल्याही घरातल्या मुलाला फी भरून गाणं शिकता यायला लागलं, हे लहान काम नाही. पण एका गळ्याच्या जागी बारा गळे आले की बेरीज ऐकू येते. आणि बेरजेत उणं लपतं.

परीक्षा असतेच की, असं कुणी म्हणेल. असते, वर्षातून एकदा. मुलगी एप्रिलमध्ये चुकली हे मला एप्रिलमध्येच कळून काय उपयोग? मला ते जुलैतल्या मंगळवारी, सात वाजायला पाच कमी असताना कळायला हवं, म्हणजे गुरुवारी काही करता येईल.

काही वर्षं मी एका शाळेतही गाणं शिकवलं. तिथे एकदा शिक्षकांसाठी प्रशिक्षण झालं आणि प्रत्येक मुलाला तीन रंगांची कार्डं मिळाली. समजलं तर हिरवं वर करायचं, थोडं समजलं तर पिवळं, नाही समजलं तर लाल. माझ्या तासाला पन्नास हिरवी कार्डं वर. शेवटच्या बाकावर एकाने चुकून लाल धरलं, तर शेजारच्याने त्याचा हात खाली ओढला, ‘‘ए, मधली सुट्टी जाईल!’’ ‘हो ताई’च ते, फक्त रंगीत.

दुर्गाच्या त्या प्रसंगानंतर मी तासाची शेवटची सात मिनिटं बाजूला काढली. पेटी मिटायची ती सात कमी असतानाच. आणि त्या वेळात एकच करायचं, मुलाचा कुठला तरी एक आधार काढून घ्यायचा आणि ऐकायचं. तो आधार कधी पेटी असतो, कधी शेजारी, कधी तबल्याचा ठेका, कधी माझा चेहरा. हो, माझा चेहराही. तो किती मोठा आधार आहे हे मला फार उशिरा कळलं. मूल चुकीच्या सुराकडे निघालं की माझ्या भुवया वर जातात, आणि मूल तिथल्या तिथे वळतं. ते सूर ऐकून वळत नाही, भुवई पाहून वळतं.

म्हणून सगळ्यात आधी डोळे मिटायला शिकवलं. डोळे मिटून बसायचं, मी ‘आ’कारात एक सूर लावते, तो भूपातला कितवा हे बोटांनी दाखवायचं. सा म्हणजे एक, रे दोन, ग तीन, प चार, ध पाच. तोंडाने बोलायचं नाही. उघड्या डोळ्यांनी हे केलं होतं तेव्हा तेरापैकी अकरा बरोबर होते. डोळे मिटल्यावर पाच. म्हणजे सहा जणांनी आजवर बोटं मोजली होती, सूर नाही. (पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली, त्या उपचारांसाठी ते मिरजेत आले आणि गाण्याकडे वळले, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. मुलांना डोळे मिटायला सांगताना मला दर वेळी त्यांची आठवण येते आणि दर वेळी ती तुलना जरा ओढूनताणून आहे असंही वाटतं.)

मग मुकं आवर्तन, म्हणजे तालाचा एक अख्खा फेरा न बोलता. याच्यावर माझा फार जीव आहे. यमन रागातला छोटा ख्याल चालू आहे, तीनताल, मध्य लय. सगळे हाताने ताल देत मुखडा म्हणतात, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतात, आणि मी मूठ मिटते. मूठ मिटली की सगळं बंद. गाणं बंद, टाळी बंद, तबल्याचा डबा बंद. सोळा मात्रा मनात. पुढच्या समेला सगळ्यांनी फक्त समेचं अक्षर म्हणायचं. माझ्या लयीत सोळा मात्रा म्हणजे साधारण आठ सेकंद. आठ सेकंद किती मोठे असतात ते त्या खोलीत बसल्याशिवाय समजणार नाही. एकीचे ओठ हलतात. एकाच्या पायाचा अंगठा हलतो, तो त्याने लपवलेला असतो मोज्यात. कुणी पंख्याच्या फिरण्यात ताल शोधतो. आणि मग सम येते. पहिल्या दिवशी ती ज्वारीच्या लाह्यांसारखी आली, एक इथे फुटली, एक तिथे, दोन-तीन एकदम, आणि एक पार शेवटी, सगळं थंड झाल्यावर.

त्या लाह्या ऐकायला मी हळूहळू शिकले. आधी येणारे घाईतले. त्यांना ताल कळलेला असतो, धीर नसतो. ते सुधारतात, काळजी नाही. खूप उशिरा येणारे ‘खाली’च्या, म्हणजे टाळी न देता हात सोडायच्या मात्रेच्या, आसपास कुठेतरी हरवलेले, त्यांना नवव्या मात्रेची खूण पुन्हा दाखवावी लागते. पण ऐकायचे ते वेगळेच, जे सगळ्यांच्या किंचित मागून, केसभर उशिरा येतात. त्यांची सम चुकलेली वाटतच नाही, ‘जवळजवळ बरोबर’ वाटते. हे दुसऱ्याच्या समेवर येणारे. माझी दुर्गावाली त्यांच्यातली. पाच-सहा आठवडे ती केसभर मागेच होती. मग एके दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली, चक्क अर्धी मात्रा आधी, आणि तोंडावर हात ठेवून बसली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. ती चूक तिची स्वतःची होती.

झपतालात हेच जास्त अवघड जातं. मात्रा दहाच, पण दोन-तीन-दोन-तीन अशा विभागांत मन अडखळतं. रूपक तालाला तर मी ही चाचणी लावतच नाही. समेलाच ‘खाली’ असलेला ताल मुकेपणाने मोजायचा म्हणजे पोरांचा छळ.

चिठ्ठ्यांचा प्रयोग शनिवारी. बसच्या तिकिटाएवढा कागद, नाव लिहायचं नाही, आजच्या तासातली न सापडलेली एक गोष्ट लिहायची. पहिल्या आठवड्यात निम्म्या चिठ्ठ्यांवर ‘सगळं समजलं’. हो ताईच पुन्हा, लेखी स्वरूपात. म्हणून प्रश्न बदलला, ‘सगळ्यात अवघड जागा कुठली?’ आता ‘कुठलीच नाही’ असं लिहायला मुलांना जरा बढाई मारल्यासारखं वाटायला लागलं आणि खरं बाहेर येऊ लागलं. एका चिठ्ठीवर फक्त ‘ग्’ होता. मी डोकं खाजवत बसले. मग लक्षात आलं, हा मुलगा आधी दुसऱ्या एका वर्गात जायचा, तिथे पलुस्करांचं स्वरलेखन शिकवतात. त्यात कोमल, म्हणजे जरा उतरलेल्या, स्वराचा पाय मोडतात. मी भातखंड्यांच्या पद्धतीने स्वराखाली आडवी रेघ देते. तो दोन महिने माझ्या फळ्यावरची रेघ म्हणजे ‘यावर जोर द्या’ असं समजत होता. काफी रागातला कोमल गंधार तो अगदी जोर देऊन, शुद्ध गात होता, आणि मी त्याला ‘उतर, उतर’ म्हणून ओरडत होते.

दुसरी एक चिठ्ठी मी अजून पेटीच्या खणात ठेवली आहे. खमाज राग शिकवला त्या दिवशीची. ‘ताई, नी वर जाताना खूश असतो आणि खाली येताना दुःखी का होतो?’ मी कोमल म्हणजे ‘मऊ, जरा पडलेला’ असं सांगितलं होतं, आणि ‘पडलेला’ म्हणताना बहुधा चेहराही तसा केला होता. खमाजात आरोहात, म्हणजे चढताना, निषाद (नी) शुद्ध, अवरोहात, म्हणजे उतरताना, कोमल. मुलीने माझा चेहरा आणि तो नियम जोडून एक अख्खी गोष्ट तयार केली होती. तिने खमाज अचूक गायला होता बरं का. बोटांनी सूर बरोबर दाखवले असते, समही गाठली असती. चिठ्ठी नसती तर तिच्या मनात नीने आयुष्यभर जिना उतरताना रडत राहायचं.

आणखी एक चिठ्ठी, तीही जपली आहे, ‘पंखा काळी तीनमध्ये आहे त्यामुळे त्रास होतो.’ तपासलं. खरंच होता, थोडा उतरलेला. त्या मुलाला आता वेगळं काही तपासायची गरज नाही, असं मी ठरवून टाकलं. कधीकधी खरा तंबोरा काढला की मी मुद्दाम जोडीची एक तार खुंटीने किंचित खाली नेते आणि विचारते, ‘‘उतरला की चढला?’’ त्या मुलाचा हात माझा हात खुंटीवरून निघायच्या आत वर असतो.

भूप आणि देसकार मात्र सात मिनिटांत तपासता येतात का, याबद्दल मला अजून खात्री नाही. दोन्हीत तेच पाच स्वर. भूप कल्याण थाटातला, वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. देसकार बिलावल थाटातला, वादी धैवत, म्हणजे ध. ही वाक्यं मुलांना झोपेत उठवून विचारली तरी येतात, आणि परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. म्हणून मी विचारायचं बंद केलं. त्याऐवजी चार सुरांचा एक तुकडा गायचा आणि विचारायचं, ‘‘हा मुक्कामाला कुठे गेला?’’ सातवीतल्या एका मुलीने उत्तर दिलं होतं, ‘‘भूप खाली घरी येतो. देसकार गच्चीवरच बसून राहतो.’’ वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग हे सगळं त्यात आलं. पण गंमत पुढे आहे. तिला म्हटलं, ‘‘आता देसकार म्हणून दाखव.’’ तिने भूप म्हटला. सुंदर म्हटला, पण भूप. म्हणजे तिला कळलं होतं की नव्हतं? मी त्या रात्री बराच वेळ यावर विचार केला आणि शेवटी पोळ्या करपल्या.

याच रागांची एक आगळीच परीक्षा माझ्याकडे ऑनलाइन शिकणाऱ्या, अमेरिकेतल्या डलासच्या एका मुलाने माझी घेतली. त्याची शनिवारची संध्याकाळ म्हणजे माझी रविवारची पहाट. तो भूप शिकतो, संध्याकाळचा राग, त्याच्या वेळेला अगदी योग्य. पण मी इथे पहाटे उठून, चहा घेऊन, खिडकीत तांबडं फुटताना भूप गायला बसते, आणि गळा आपोआप धैवताकडे, सकाळच्या देसकाराकडे जातो. एकदा तो म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही आज फारच वर राहताय.’’ त्याला देसकार हे नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, चला, याला भूप कळला.

ऑनलाइन शिकवण्याला मी फार नावं ठेवली होती, ती काही प्रमाणात परत घेते. आवाज जायला-यायला जो क्षणभर वेळ लागतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाताच येत नाही. पहिल्या महिन्यात मी रडकुंडीला आले. नंतर कळलं, हा तर माझ्या गुरूंचाच वर्ग आहे. मी म्हणायचं, थांबायचं, मग त्याने एकट्याने. मागे धरून चालायला शेजारीच नाही. एकच अडचण, सततचा आवाज म्हणजे गोंगाट असं त्या सॉफ्टवेअरला वाटतं आणि ते तानपुरा गाळून टाकतं. ती सेटिंग शोधून बंद करावी लागते. यंत्राच्या बुद्धीला तंबोरा आणि पंखा एकच. आमच्या चिठ्ठीवाल्या पोराचं बरोबर उलटं.

आता जे चांगलं झालं नाही तेही लिहायला हवं. नवव्या यत्तेतला एक मुलगा होता, पाचवीपासून येणारा. वर्गातला सगळ्यात तयार गळा. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, असा लागायचा की शेजारच्या काकू स्वयंपाकघरातून दाद द्यायच्या. त्या दिवशीच्या सात मिनिटांत ‘दारातला सूर’ चालू होता, म्हणजे जाताना दारात थांबून एकेकाने एक तान म्हणायची आणि मगच चप्पल घालायची. त्याची पाळी आली. मधल्या दोन आठवड्यांत त्याचा आवाज फुटला होता. मला माहीत असायला हवं होतं. वर्गात तो गलक्यात दबून गात होता, ते मी ऐकलं नव्हतं. तारसप्तकाकडे निघालेली तान मध्येच फाटली, आणि चपला घालत असलेली सगळी पोरं खो-खो हसली. तोही हसला. मग तो यायचा थांबला.

तीन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेले. आई म्हणाली, ‘‘तो म्हणतो, मला आता गाणं येत नाही.’’ पाच वर्षांचं गाणं एका तानेत गेलं. आणि ते मी तपासताना गेलं.

गळा आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोलायला सगळेच बोलतात. मी दारात उभं राहून त्या दोन्ही एकाच काट्यावर तोलत होते. दारातला सूर मी त्या दिवसापासून बंद केला. आता एकट्याने गायचं असेल तर फक्त मी ऐकते, बाकीचे तोवर अंगणात. आणि ज्याला गायचं नाही त्याने पेटीवर दाखवावं, हाताने ताल द्यावा, किंवा मी मुद्दाम चुकीचं गाते ते पकडावं. भूपात हळूच त्यात नसलेला तीव्र मध्यम सोडायचा आणि मुलांनी टाळी मारायची, हा खेळ सगळ्यांना आवडतो. बाईंची चूक काढायला कुणाला आवडत नाही!

तो मुलगा परत आला, दिवाळीनंतर. अट एकच, ‘‘मी कोपऱ्यात बसणार आणि वर जाणार नाही.’’ मी म्हटलं, ‘‘नको जाऊस.’’ मुलींचा वर्ग काळी चार पट्टीचा. त्याचा स्वतःचा षड्ज आता काळी एकच्या आसपास घसरला होता. त्यासाठी रविवारी वेगळा वेळ दिला, पण त्याला वर्ग सोडायचा नव्हता. मग तो कोपऱ्यात, तानपुऱ्याच्या डब्याशेजारी, मध्य सप्तकाच्या खालच्या अंगातलं तेवढं गायचा. बाकी वेळ गप्प. त्याला मी कधी काही विचारलं नाही. आपण होऊन कधी काही सांगायचा, ‘‘ताई, ती निळ्या ड्रेसवाली रिषभ चढा लावते,’’ असं. आणि ते खरं असायचं.

सगळंच काही सात मिनिटांत दिसत नाही, हेही इथेच सांगून टाकते. काही मुलं मंगळवारी काहीच दाखवू शकत नाहीत आणि पुढच्या मंगळवारी तीच जागा घेऊन येतात, जणू आठवडाभर कुणीतरी आतून घासत होतं. एक मुलगी तीन महिने मीडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याला, अडली होती. एका दिवशी सायकल लावता लावता सहज म्हणून गेली. आता त्या तीन महिन्यांतल्या माझ्या वहीत तिच्या नावापुढे ओळीने फुल्या आहेत. त्या फुल्या चूक होत्या असं नाही. पण त्या वहीवरून कुणी तिच्याविषयी काही ठरवलं असतं तर ते चूक ठरलं असतं. म्हणून ती वही मी पालकांना दाखवत नाही. मागतात. देत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. संध्याकाळची वेळ, बाहेर धो धो, आत भूपाची सरगम चालू. सात वाजायला दहा कमी असतील. वीज कडाडली आणि लाईट गेली. पंखा थांबला, तबल्याचा डबा थांबला, तानपुरा थांबला. मिट्ट काळोख. मुलं ‘ओऽऽ’ करून थांबली. मला वाटलं, इतके सगळे आधार एकदम काढायची संधी परत कधी मिळणार? म्हटलं, ‘‘थांबायचं नाही. चालू ठेवा. कुणाकडे बघायचंच नाही, दिसतंच कुठे.’’

सुरू झाले. आधी चाचपडत, मग जमलं. काळोखात पोरांना चेव आला. लय वाढली, आवाज वाढला. पाऊस पत्र्यावर ठेका धरून होता. मीही गात होते. पेटीला हात लावला नाही. आणि मला इतकं छान वाटत होतं, कारण सूर एकसंध होता, कुणी कुणाच्या मागे नव्हतं. तेरा गळे, एक षड्ज.

एक सोडून. कोपऱ्यातून एक जाड आवाज सारखा खाली राहत होता. फार नाही, पण पुरेसा. प्रत्येक वेळी षड्जावर आलो की तो खडा लागायचा. मी दोनदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा म्हटलं, ‘‘कोण उतरतंय तिकडे? कान द्या!’’ आवाज हलला नाही. मी अंधारात भुवया वर केल्या, सवयीने.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. लाईट आली. पंखा घरघरला, आणि डब्यातला तानपुरा आपोआप सुरू झाला, काळी चार, जिथे सोडला होता तिथेच. आमचा षड्ज त्याच्या चांगला अर्ध्या सुराने वर होता. सगळ्यांचा. माझाही.

मुलं दचकून थांबली. मीही थांबले. कोपऱ्यात तो तेवढा गात राहिला होता, मान खाली घालून, तानपुऱ्याच्या अगदी बरोबर.